ठोसा कुठे थांबतो

साताऱ्यातल्या एका वडिलांनी विचारलंय: "मुलगा १२ वर्षांचा. तीन वर्षं कराटेला जातो, ब्राउन बेल्ट आहे. गेल्या महिन्यात शाळेत वर्गातल्या एका मुलाच्या नाकावर बुक्की मारली, रक्त आलं, आम्हाला शाळेत बोलावलं. क्लासच्या सरांना सांगितलं तर ते मुलासमोरच हसून म्हणाले, 'चला, पोरात स्पिरिट तरी आहे.' रोज क्लास सुटताना हीच मुलं ओळीत बसून जपानीत पाच नियम म्हणतात, चारित्र्य वगैरे. मग हे संस्कार खरे की जाहिरातीपुरते? स्पिरिट म्हणजे नक्की काय? आणि मुलाला क्लासमधून काढू का?"

दादा, प्रश्न तीन दिसतात, पण मला आत एकच दिसतो. तीन वर्षांत मुलाच्या अंगात जी ताकद भरली गेली, ती कुठे वापरायची नाही हे त्याला कुणी शिकवलंय का? 'संस्कार' आणि 'स्पिरिट' हे दोन्ही शब्द आमच्या कराटे शिकवण्याच्या धंद्यात फ्लेक्सवर छापून छापून पार झिजलेत. त्यामुळे थोडा वेळ ते बाजूला ठेवू आणि अंगाचं बोलू.

पण त्याआधी एक. त्या दिवशी वर्गात काय झालं हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझं निम्मं उत्तर त्यावर अवलंबून आहे. तो मुलगा सहा महिने तुमच्या मुलाचा डबा सांडत होता, ढकलत होता आणि त्या दिवशी चौघांनी मिळून त्याला कोपऱ्यात घेतलं, ही एक गोष्ट. बाकावरच्या जागेवरून वाद झाला आणि हात चालला, ही दुसरी. अशी प्रकरणं माझ्याकडे दर वर्षी एखाद-दोन येतातच. तेव्हा मी मुलाला "का मारलंस" असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर त्याने घरीच तयार केलेलं असतं. मी विचारते, "तू कुठे उभा होतास? दार कुठल्या बाजूला होतं? दाराकडे जाता आलं असतं का?" पोरं इथे खोटं बोलत नाहीत, कारण प्रश्न कशासाठी आहे हे त्यांना कळत नाही. दार मोकळं होतं आणि तरी तो थांबला असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. दार मोकळं नसेल तर शाळेशी तुम्हाला वेगळंच भांडण करावं लागेल, आणि त्यात मुलाच्या बाजूने उभं राहावं लागेल.

आता मी कोण. २६ वर्षं साताऱ्यात शिकवतेय, संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये, शहाबादी फरशीवर मॅट टाकून. मुलं मला मॅडम म्हणतात. सेन्सेई, म्हणजे जपानीत गुरुजी, फक्त ग्रेडिंगच्या, म्हणजे बेल्टच्या परीक्षेच्या दिवशी, बाहेरचे परीक्षक आलेले असतात म्हणून. वडील कराडजवळच्या गावातले तालीमबाज. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्यापासून सायकलच्या अंतरावर, त्यामुळे १९५२ च्या हेलसिंकीतल्या ब्राँझची गोष्ट आमच्याकडे पोथीसारखी लावली जायची. मला कुस्तीच करायची होती. पण तालमीच्या उंबऱ्याआत मुलीला घ्यायचं नाही असा तेव्हाचा रिवाज. मी कराटेत आले त्याचं खरं कारण एवढंच. जपानी तत्त्वज्ञान नंतर कधीतरी कानावर पडलं, आणि पडलं तेव्हा त्यातलं बरंचसं ओळखीचं वाटलं.

वडील 'रग' हा शब्द वापरायचे. "पोरगं बारीक आहे, पण रग आहे." आणि दुसरा शब्द 'मस्ती'. दोन्हीकडे जोर तोच, घाम तोच. फरक कसा ओळखायचा असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, सरावाला जोड कोण मिळते बघायचं. मस्ती आलेल्या पैलवानाबरोबर चार दिवसांनी कुणी सरावाला उतरत नाही, कारण तो जोडीदाराचा खांदा उतरवून ठेवतो. रग असलेल्याकडे पोरं आपणहून येतात. हौद्यात उतरताना माती कपाळाला लावायची, मग हातसलामी, मग कुस्ती. आणि चीत झालेल्याला आधी उठवायचं, मग स्वतःच्या अंगावरची माती झटकायची. हे कुणी त्यांना नीतिमूल्ये म्हणून शिकवलं नव्हतं. तसं केलं नाही तर वस्ताद कान धरायचे, इतकंच.

आता तुमच्या सरांचा शब्द घेऊ. आपण सरसकट स्पिरिट म्हणून टाकतो त्याला जपानीत निदान चार शब्द आहेत. 'कि' म्हणजे श्वासाबरोबर येणारा जोम. 'कोकोरो' म्हणजे मन आणि काळीज दोन्ही. 'झानशिन' म्हणजे काम झाल्यावरही मागे जागं राहिलेलं मन. आणि 'सेइशिन', ज्याचं भाषांतर इंग्रजीत हमखास स्पिरिट असं होतं. हा सेइशिन लिहिताना पहिलं जे चित्राक्षर येतं त्याच्या डाव्या अंगाला तांदळाची खूण असते. कांडून स्वच्छ केलेला तांदूळ हा त्या अक्षराचा जुना अर्थ. पाटण-जावळीकडची मुलं क्लासात असली की मला हे समजावत बसावं लागत नाही. आजीने उखळात भात कांडताना पाहिलेलं असतं. घाव घालायचे ते टरफल निघावं म्हणून, दाण्याची कणी व्हावी म्हणून नाही. आणि हात ज्याचा बसलेला नाही त्याच्या उखळात कणीच जास्त निघते.

क्लास सुटताना मुलं म्हणतात तो 'दोजो कुन', म्हणजे सरावाच्या जागेचे नियम. शोतोकान या कराटेच्या पद्धतीच्या क्लासांत तो सर्रास म्हणतात. पाचही ओळी 'हितोत्सु' या शब्दाने सुरू होतात, त्याचा अर्थ 'एक'. दोन, तीन, चार नाहीतच. प्रत्येक नियम पहिलाच, कुठलाही दुसऱ्याच्या खालचा नाही. माझ्याकडे मी तो मराठीत म्हणवून घेते, कारण न कळणारी प्रार्थना पोरं कशी म्हणतात हे मला माझ्याच शाळेतून माहीत आहे. माझं मराठी साधारण असं: एक, माणूस म्हणून पुरं होण्यासाठी झटेन. एक, खरेपणाची वाट सोडणार नाही. एक, कष्टाची वृत्ती जोपासेन. एक, समोरच्याचा मान राखेन. एक, तापल्या रक्ताच्या शौर्याला आवर घालेन.

गंमत आता बघा. सेइशिन हा शब्द या पाच ओळींत एकदाच येतो, तिसऱ्या ओळीत: 'दोर्योकु नो सेइशिन', कष्टाची वृत्ती. शाळेत तुमच्या मुलाकडून जे झालं (दार मोकळं होतं असं धरून बोलतेय) त्याचाही उल्लेख आहे, पण तो पाचव्या ओळीत: 'केक्की नो यू', रक्त उसळल्यावर येणारं शौर्य. तिथे त्याला आवरायला सांगितलंय. म्हणजे मुलाने पाचवी ओळ मोडली, आणि त्याबद्दल सरांनी त्याला तिसऱ्या ओळीचं बक्षीस दिलं. रोज संध्याकाळी ते स्वतःच ही ओळ म्हणवून घेतात, म्हणून जास्त वाईट वाटतं.

तरी मी सरांना लगेच खलनायक करणार नाही. आपल्याकडे पालक क्लासमध्ये येतात ते "आमचा फार लाजाळू आहे हो, जरा डेअरिंग येऊ दे" असं म्हणत. वर्षानुवर्षं हेच ऐकलं की शिकवणारा डेअरिंगच मोजायला लागतो. मीही मोजत होते. सुरुवातीची पाच-सहा वर्षं फाईटमध्ये जो पुढे घुसेल त्याच्या पाठीवर माझी थाप पडायची. मग लक्षात आलं की पांढऱ्या बेल्टची, म्हणजे अगदी नवी मुलं त्याच दोघा-तिघांबरोबर जोडी लागली की पोटात दुखतंय म्हणून बाजूला बसतात. वडिलांची सरावाच्या जोडीची परीक्षा माझ्याच हॉलमध्ये लागू झाली होती, आणि मी नापास झाले होते.

आता शब्दांवरून अंगावर येते, कारण कराटेतली नीती मला तरी पुस्तकापेक्षा टाचेत आणि कमरेत जास्त सापडली. आमच्या पद्धतीत तोंडावरचा पंच लागायच्या आत थांबवायचा असतो. त्याला 'सुनदोमे' म्हणतात. सुन हे जुनं जपानी माप, साधारण तीन सेंटीमीटर. नवीन मुलांना वाटतं पंच हळू सोडायचा. तसं नाही. पूर्ण वेगाने सोडायचा आणि दोन बोटांवर थांबवायचा. त्यासाठी मागच्या पायाची टाच जमिनीला धरून हवी, कंबर वेळेवर अडायला हवी, दुसरा हात त्याच क्षणी कमरेशी परत यायला हवा, श्वास सुटून पोट घट्ट व्हायला हवं. यातलं एक चुकलं की मूठ जास्त पुढे जाते किंवा मधेच मरते. रागावलेल्या मुलाचे खांदे वर चढतात, श्वास छातीत अडकतो, कोपर बाहेर पडतं. हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून, तोंड न बघता मी सांगू शकते की या पोराचं आज घरी भांडण झालंय. त्याचा पंच थांबत नाही. त्याची इच्छा असली तरी थांबत नाही, कारण थांबवणारी सगळी गात्रं रागाने आधीच खर्ची घातलेली असतात.

म्हणून माझ्या क्लासात थांबलेला पंच हा नुसता सुरक्षेचा नियम नाही. मुलाचं मन कुठे आहे ते मला त्यातूनच दिसतं. जोरात मारणं आठवड्याभरात येतं, त्याला क्लासही लागत नाही. जोर पूर्ण ठेवून समोरच्याच्या नाकापुढे थांबायला मला स्वतःला चार वर्षं लागली.

अगदी वरच्या पातळीवरचं उदाहरण सांगते. कराटे ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते तोक्योत, आणि पुढच्या पॅरिसच्या ऑलिंपिकमधून लगेच वगळलंही गेलं. ७ ऑगस्ट २०२१, पुरुषांचा ७५ किलोवरच्या गटाचा अंतिम सामना. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी इराणच्या सज्जाद गंजजादेविरुद्ध ४-१ ने पुढे होता. त्याने डोक्यावर किक मारली, गंजजादे बेशुद्ध पडला, स्ट्रेचरवरून बाहेर नेला. रेफरींनी ठरवलं की किक नियमापेक्षा जोरात लागली, आणि हमेदी बाद. गंजजादेला शुद्धीवर आल्यावर कळलं की सुवर्णपदक आपलं. त्यावर तेव्हा खूप वाद झाला, आजही माझ्या मोठ्या मुलांमध्ये होतो. काहींना हा अन्याय वाटतो, आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. वेगाने चाललेल्या सामन्यात एका क्षणाची गोष्ट असते ती. पण बाकीच्या मारामारीच्या खेळांत ज्याने आडवा केला तो जिंकतो. आमच्या खेळात ज्याने आडवा केला तो हरू शकतो. तुमच्या मुलाला हा सामना दाखवा आणि त्याला काय वाटतं ते विचारा. तुमचं मत आधी सांगू नका.

झानशिनचंही तसंच. पंच बसला, आणि मुलगा पाठ फिरवून हात वर करून नाचायला लागला, तर तो गुण मिळत नाही, कारण गुण देताना तंत्राबरोबर ही जागरूकता आणि वागणूकही धरलेली असते. पालक गॅलरीतून ओरडतात, "मॅडम, लागला होता की!" लागला होता. पण लागल्यावर समोरच्याकडे लक्ष राहिलं नाही.

माझी स्वतःची लाजेची गोष्ट इथेच सांगून टाकते. मी १६ वर्षांची, ब्राउन बेल्ट, तुमच्या मुलाच्याच रंगाची. एका नव्या पिवळ्या बेल्टच्या मुलीने सगळ्यांसमोर माझा पुढचा पाय झाडून मला खाली बसवलं. हशा झाला. पुढच्या फाईटला मी तिच्या ओठावर पंच लावला. चुकून लागला असं म्हणाले, आणि तेव्हा मला ते जवळजवळ खरंही वाटत होतं. दोन टाके पडले. आमचे सर क्लासात एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी स्कूटरवर मागे बसवून मला मंगळवार पेठेत तिच्या घरी घेऊन गेले आणि स्वतः दारातच उभे राहिले. तिच्या आईने चहा दिला आणि विचारलं, "हिने तुला काय केलं होतं गं?" मला उत्तर देता आलं नाही. कप रिकामा होईपर्यंत आम्ही तिघी तशाच बसून होतो. त्यानंतर तीन महिने सरांनी माझी जोडी फक्त तिच्याशी लावली. ती मारणार, मी फक्त ब्लॉक करणार. एकही पंच परत करायचा नाही. पहिला महिना मी रोज घरी येऊन रडले. तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की तिचा उजवा खांदा पंचाच्या आधी किंचित हलतो, आणि तो दिसतोय कारण मी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघतेय. माझं फाईटिंग सुधारलं ते त्या तीन महिन्यांत.

हे औषध मात्र सगळ्यांना लागू नाही, आणि इथे शिकवणाऱ्याची खरी कसोटी लागते. काही वर्षांपूर्वी मेढ्याकडची एक मुलगी आली होती. चार महिने तिच्या तोंडून 'कियाई' बाहेर पडली नाही. कियाई म्हणजे तंत्राच्या शेवटी जो आवाज काढतो तो. कि आणि आय, जोमाचं एकत्र येणं. आवाज आला की श्वास सुटतो, पोट आवळतं, पंचाला वजन येतं, हे झालं शरीराचं. पण तिला घरी लहानपणापासून सांगितलेलं, मुलीचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये. ओठ हलायचे, आवाज नाही. तिला मी पाचवी ओळ शिकवत बसले असते तर ते पाप झालं असतं. आवरायला तिच्याकडे काही मोकळं सोडलेलंच नव्हतं. ज्या दिवशी तिचा आवाज फुटला त्या दिवशी बाहेरचा शिपाई काय झालं म्हणून धावत आला. तिच्या बाबतीत स्पिरिट म्हणजे तो आवाज. तुमच्या मुलाच्या बाबतीत ते आवाज गिळण्यात असेल. कुठल्या पोराला ढकलायचं आणि कुणाला धरून ठेवायचं हे ज्याला दिसत नाही, त्याच्याकडे कितीही डान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, असल्या तरी तो मुलांना शिकवायच्या लायकीचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

"म्हणजे मार खायचा का?" असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. आधुनिक कराटे जपानात नेणारे गिचिन फुनाकोशी, १८६८ मध्ये ओकिनावात जन्मलेले, पेशाने शाळामास्तर. १९२२ मध्ये त्यांनी तोक्योत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि तिथेच राहून शिकवलं. त्यांच्या वीस सूत्रांतलं पहिलं सांगतं की कराटेची सुरुवात आणि शेवट 'रेइ'ने, म्हणजे नमस्काराने, आदराने. दुसरं, 'कराते नि सेन्ते नाशी', कराटेत पहिला वार नाही. मुलाला हियान काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचे संच, येत असतील, तर पाचही आठवायला सांगा. एकाचीही पहिली हालचाल पंच नाही, ब्लॉक आहे. तीन वर्षं तो हे पायांनी, हातांनी पाठ करतोय. फक्त त्यातून कुणी त्याला काही सांगितलं नसावं.

पण पहिला वार कशाला म्हणायचं, यावर मी माझ्या मुलींना सरळ सांगते: एसटीच्या गर्दीत कुणी मनगट धरलं, तर पहिला वार झालेला आहे. दुसऱ्याची वाट बघायची गरज नाही. ओरडा, हात सोडवा, गरज पडली तर कोपर मारा आणि तिथून निघा. कायदाही याच अंगाने जातो. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क त्यात नाही. कोपर मारून निघालात तर तो बचाव. खाली पडल्यावर लाथ मारायला थांबलात तर तुमचं दार मोकळं होतं. दाराचा प्रश्न मी उगाच विचारत नाही.

आता एक कबुली, जी आमच्यातले लोक चारचौघांत देत नाहीत. कराटेने माणूस आपोआप चांगला होत नाही. माझ्या ओळखीत एक ब्लॅक बेल्ट होता. गणपतीत मंडपापुढे कपाळाने कौलं फोडायचा, पोटावरून मोटरसायकल घालून घ्यायचा, टाळ्यांचा पाऊस पडायचा. (कौलं आठवडाभर उन्हात वाळवलेली असली की तुम्हीही फोडाल. पण ते असो.) घरी बायकोवर हात टाकायचा. आम्हाला दोन वर्षं पत्ता नव्हता, आणि कळलं तेव्हा आमच्यातल्याच काहींनी तो त्याचा घरगुती मामला ठरवला. रोज पाच ओळी म्हणणारे लोक होते ते. तेव्हापासून ग्रेडिंगला मी घरच्यांशी बोलल्याशिवाय ब्राउनच्या वर कुणाला बसवत नाही. काही पालकांना राग येतो, फी भरलीय म्हणतात. येऊ दे. पट्टे मुळात ज्युदोतून आले. फुनाकोशींनी पहिले ब्लॅक बेल्ट दिले ते १९२४ मध्ये. त्याआधी ओकिनावात लोक रंगीत पट्ट्यांशिवायच आयुष्यभर सराव करत होते. तीन वर्षांत ब्राउन अशक्य नाही, पण तो रंग हालचाली पाठ झाल्याचं सांगतो, त्यापुढचं काही सांगत नाही.

मग काढू का, हा तुमचा प्रश्न. शिक्षा म्हणून काढू नका. मुलाला वाटेल कराटे ही चैन होती आणि ती हिसकावली. शिवाय बुक्की मारायला तो आता शिकलेलाच आहे, ते काही फीसोबत परत मिळत नाही. थांबवायचं शिकणं बाकी आहे. ते त्याच क्लासात शिकता येईल का, एवढंच ठरवायचंय, आणि ते घरी बसून ठरत नाही. चार-पाच संध्याकाळी वेळ काढून मागे खुर्ची टाकून बसा. मोबाईल खिशात. मुलाकडे बघू नका, सगळ्यात नव्या, सगळ्यात ढिल्या पांढऱ्या बेल्टकडे बघा. त्याच्याशी मोठी मुलं कशी वागतात? जोडी लावताना तो कुणाला टाळतोय? कुणाला लागलं तर सर आधी लागलेल्याकडे जातात की मारणाऱ्याला शाबासकी देतात? फाईट झाल्यावरचा नमस्कार समोरच्याकडे बघून होतो की मान कुठेतरी आणि नजर कुठेतरी? सर चुकले तर चुकलो म्हणतात का? आणि मॅट कोण उचलतं? आमच्याकडे सगळ्यात वरच्या बेल्टची मुलं झाडू मारतात, आणि या एका कारणावरून एका सधन घरच्या मुलाचं नाव त्याच्या वडिलांनी काढून घेतलंय.

मग सरांशी बोला, पण मुलगा जवळ नसताना. त्यांनी त्याच्यासमोर तुमचं म्हणणं हसण्यावारी नेलं, तुम्ही त्याच्यासमोर त्यांचा मान काढू नका. नाहीतर पोरगं एवढंच शिकेल की मोठी माणसंही असंच करतात. "तुमच्या पाचव्या नियमाचं काय?" एवढंच विचारा. चांगला शिक्षक असेल तर तो गप्प होईल, आणि दुसऱ्या दिवशी मुलाला बाजूला घेईल. "आजकाल जगात असं राहूनच चालतं" असं उत्तर आलं, तर दुसरा क्लास शोधा, जरा लांबचा असला तरी. साताऱ्यात आता क्लासांना तोटा नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या पूर्ण प्रश्नात कुठेच नाही, म्हणून शेवटी आठवण करते. त्या दुसऱ्या मुलाचं नाक आता कसं आहे? शाळेत बोलावलं, सर हसले, तुम्हाला वाईट वाटलं, सगळं लिहिलंय. तो मुलगा फक्त रक्त येण्यापुरता आलाय. महिना झाला असला तरी चालेल, या रविवारी तुमच्या मुलाला घेऊन त्याच्या घरी जा. आधी फोन करून विचारा. बोलायचं काम मुलाला करू द्या, तुम्ही दारापाशी बसा. तो अडखळला तरी वाक्य पुरं करून देऊ नका. त्याच्या आईने काही विचारलं आणि उत्तर आलं नाही तर तेही चालेल. जाताना फळं न्या. कंदी पेढ्यांचा पुडा नको, पोराला वाटेल आपण काहीतरी जिंकून आलोय.